नर उपटायचे दिवस

९ एप्रिल

अकरावी बाटली आली. खोकल्याच्या औषधाची. त्याआधी ऑलिव्हच्या बरण्या, तपकिरीची डबी, एक तर तान्ह्या मुलाचा मोजा – वर गाठ मारलेला. सगळ्यांत किफचं, म्हणजे गांजाचं, बी. आणि सगळ्यांबरोबर तेच वाक्य: आजोबांच्या हातचं आहे, लल्ला, अस्सल बेलदिया.

कागदावर ओतलं, भिंग धरलं. बेलदिया म्हणजे आमचं देशी. दाणा बारीक, काळपट, पाठीवर कासवासारखी नक्षी. अकरांपैकी सातांत फुगीर, फिकट, तेल चोळल्यासारखे दाणे. हे हॉलंडचं. हे स्पेनचं. यांचे आजोबा हॉलंडला कधी गेले होते?

तेवीस वर्षं तेतवानच्या शाळेत भाषा शिकवली, गाव अजून आदराने 'लल्ला' म्हणतं. ढापलेला निबंध पहिल्या ओळीला ओळखू यायचा.

मोजा रिकामा करून परत दिला. ओला होता. हात दोनदा धुतले.

१३ एप्रिल

किफचे परवाने देणाऱ्या खात्याचं पत्र. आमच्या शेतकरी संस्थेला बियाण्यासाठी जमिनीचा एक तुकडा मंजूर. जुलैमध्ये इंजिनीयर पाहायला येईल. बी शुद्ध ठरलं तर पुढच्या साली चाळीस घरांना हेच बी, दाखल्यासकट. नाही ठरलं तर चाळीस घरं बाहेरचं बी आणणार. आणायचं ते आणा – पण त्याला पाणी? मशिदीखालचा झरा माझ्या लहानपणी मनगटाएवढा होता. आता करंगळीएवढा आहे. देशी किफला पाणी लागत नाही. पावसावर येतं, खडकात येतं, गुडघ्याएवढं होऊन थांबतं. लोक तेवढ्यासाठीच त्याला हसतात.

तुकडा माझा निवडला. घराखालचा, आजूबाजूला सगळं बार्लीचं. संस्थेची चिटणीस मीच. लिहिता-वाचता येणारी दुसरी कुणी नाही असं म्हणतात. खरं म्हणजे कुणाला कटकट नको आहे.

१६ एप्रिल

पेरलं. पाऊस महिनाभर उशिरा. खात्रीच्या चारच बाटल्या होत्या, त्या मिसळल्या. तामूने फेकून पेरलं – मूठ उघडते कशी ते दिसतही नाही. ती इथल्या बायकांची म्होरकी. नर उपटायला, बार्ली कापायला, मयताला – तीच पुढे. पेरता पेरता विचारत होती, उरलेल्या सात बाटल्यांचं काय करणार? चुलीत, मी म्हणाले. "मग त्या सात घरांना सांगू नकोस," ती म्हणाली. "आजोबा जळाले म्हणून रडतील."

२९ एप्रिल

सल्लाम भेटायला आला. माझा धाकटा भाऊ. सोळा वर्षं स्पेनमध्ये, अल्मेरियाच्या प्लास्टिकच्या मांडवांखाली टोमॅटो तोडले. मागच्या शरदात खोकला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन परतला. डब्यावर चित्र – उघड्या अंगाची बाई, डोक्यावर मुकुट, हिरवे केस. आत बी. वर स्पॅनिशमध्ये लिहिलं आहे: सर्व माद्या. साठ दिवसांत फूल.

आईच्या वाटणीतली ओढ्यापलीकडची जमीन त्याने त्यासाठी नांगरली आहे. बोअर मारली. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं पीक घेतोय, म्हणाला. मी त्या चित्राकडे बघत होते. हा डबा आमच्या आईच्या ताकाच्या मडक्याशेजारी ठेवला त्याने! उचलून बाहेर ठेवला मी.

"ताई, बी आहे ते," तो म्हणाला. "बाई नाही."

४ मे

अंगणात चार ओळी लावल्या. अहवालासाठी. शब्दांनी कुणी ऐकत नाही, डोळ्यांनी बघा म्हणावं.

पहिली ओळ आमचं देशी. दुसरी घोमाराचं, समुद्राकडचं – तिथे मावसभाऊ आहे, त्याने पाठवलं. दाणा आमच्याहून किंचित मोठा, रंग तोच. तिसरी, मंगळवारच्या बाजारात 'पाकिस्तानी' म्हणून विकतात ते. विकणाऱ्याला विचारलं, पाकिस्तान कुठे आहे? तो म्हणाला, फेझच्या पुढे. चौथी, सल्लामच्या डब्यातलं. मागितलं तर मूठभर दिलं त्याने, मोजलं नाही.

एकच माती, एकच ऊन. पाणी कुणालाच नाही. पावसाचं आलं तर आलं. बघू कोण जगतं.

बोरूचं कुंपण घातलं, दाराला कुलूप. बायकांना सांगितलं, आत यायचं नाही. हे शेत नाही, अभ्यास आहे.

२१ मे

डच माणूस आला. सल्लामने आणला, ओळख कुठली कोण जाणे. जगभरचं बी गोळा करतो म्हणे. वही काढून वाचून दाखवली – अफगाण, लेबनॉन, मलावी, काश्मीर, थायलंड. डोंगरामागून डोंगर. सगळीकडून मूठभर घेतो, एकमेकांत मिसळतो, डब्यात भरतो, नाव ठेवतो. नावं ऐकली. मिठाईची आणि शिव्यांची.

आमचं बी तळहातावर घेतलं आणि – जिभेने उचललं! चावला. डोळे मिटून बसला. मग सल्लामला स्पॅनिशमध्ये म्हणाला, कमजोर आहे, पण जुनं म्हणून किंमत आहे. सल्लामने मला सांगितलं, त्याला फार आवडलं, ताई. मला स्पॅनिश येतं हे तो विसरला की विसरल्यासारखं केलं?

दिलं नाही. जाताना उंबऱ्यावर थुंकला, टरफल. मी झाडलं. पुन्हा झाडलं.

२ जून

झरा दुपारी थांबतो, रात्री येतो. ओढ्यापलीकडे सल्लामची मोटर चालू. आवाज रात्रभर दाताखाली येतो. बायका घागरी घेऊन रांगेत असतात आणि पलीकडे काळ्या नळ्या झाडाझाडाच्या मुळाशी थेंब थेंब ओततात. गावच्या सभेत मी हेच बोलले. चिटणीस म्हणून मला कडेला उभं राहू देतात. मी म्हणाले, सल्लामची झाडं अख्ख्या गावाचं पाणी पितात. निम्म्यांना पुढच्या वर्षी तेच लावायचं आहे.

१८ जून

अंगण.

पहिली ओळ: वीतभर, शांत. दुसरी तशीच. तिसरी: मेली, तीन सोडून. चौथी: उंच, पण पानांचे पंजे झालेत, आत वळलेले, कडा भाजलेल्या. साठ दिवसांच्या आधीच फूल आलं आहे. वास – रॉकेलमध्ये खरबूज सडावं तसा. डोक्याचा रुमाल नाकाला लावून मोजलं आणि बाहेर आले. अंगात भरलेला वास जेवताना बिसाऱ्याच्या – वाटाण्याच्या कढणाच्या – वाटीतून वर आला. वाटी तशीच ठेवली.

वहीत लिहिलं: चौथी ओळ तहानेला टिकत नाही. बरं वाटलं लिहून.

२४ जून

नर उपटले. वर्षातला हा एक दिवस मला आवडतो. बायका पहाटे तुकड्यात उतरतात, ओळ धरून, वाकून. नर आधी ओळखू येतो – सडपातळ, मान वर, फुलं लोंबणारी. हाताने मुळासकट. बियाण्याच्या तुकड्यात सगळे उपटत नाहीत. चांगले सहा-सात ठेवतात, कामापुरते. त्यांची पूड माद्यांवर पडली की आठवड्याने तेही उपटायचे. तामू निवडते. एकेकापुढे उभी राहते, वरून खाली बघते. "हा नको, याच्या बापाला ओळखते मी." बायका खाली बसून हसल्या.

उपटलेले बकऱ्यांपुढे टाकले.

सल्लाम बांधावर उभा होता. तामूने विचारलं त्याला, तुझ्याकडे कधी यायचं उपटायला? तो म्हणाला, यायला नको, सगळ्या माद्याच आहेत. "सगळ्या माद्या?" तामू म्हणाली. "मग ते शेत नाही रे, बायकांचा हमामखाना आहे. तू आत काय करतोस?"

तो हसला. मला हसू आलं नाही. नर उपटायचा नसेल तर बायका त्या शेतात जाणार नाहीत. कुणी वाकून बघणार नाही. शेतावर माणसाची नजर नाही, नुसत्या नळ्या!

१ जुलै

राखलेले नर आज उपटले, अंगणातल्या पहिल्या तीन ओळींतलेही. तुकडा आता माद्यांचा. बी धरू लागलं आहे, खालून वर.

९ जुलै

अंगणात गेले नाही. आठवडा झाला. वास घरात येतो, खिडकी लावून घेते. मरू देत, मग मोजेन.

१९ जुलै

तामू सकाळीच आली. हातात देशीचा एक शेंडा. खालचं बी तपकिरी, पिकत आलेलं. वर शेंड्याच्या नव्या फुलांत – हिरवं, कोवळं बी.

मला कळायला वेळ लागला. नर जाऊन अठरा दिवस झाले. ही फुलं त्यानंतरची. त्यांच्यावर पूड कुणाची पडली?

तुकडाभर फिरलो. सगळीकडे.

मला ओढ्यापलीकडे बघावंसं वाटलं नाही. बघितलं. हिरवंगार, डोक्याएवढं, माजलेलं. माझा भाऊ!

२१ जुलै

इंजिनीयर आली, ठरल्या दिवशी. इब्तिसाम नाव. सत्तावीस-अठ्ठावीसची, पायात धावायचे बूट. मी स्वतःच शेंडा तिच्या हातात दिला. लपवण्याचा विचारही मनात आला नाही, हे लिहून ठेवते.

तिने चिमटीत फोडून पाहिलं. म्हणाली, या बाहेरच्या माद्यांवर ताण आला – तहान, फार ऊन – की त्या स्वतःच्याच फुलात नर काढतात. पिवळा, केळ्यासारखा, नखाएवढा. दुरून दिसत नाही, वाकून पाहावं लागतं. पूड मात्र खरी असते. मादीच्या पोटात नर. ऐकूनच शिसारी आली.

आसपास बाहेरचं बी कुठे आहे, तिने विचारलं. मी ओढ्यापलीकडे बोट केलं. दुसरं आहेच कुठे?

तिने हिशेब सांगितला. उगम काढून टाका. तुकड्यातले सगळे शेंडे छाटा. खालचं बी देशी नरांचं आहे, ते वाचेल. दहा दिवसांनी येते. झाडांच्या बाजूच्या फुटव्यांवर नवं बी दिसलं नाही तर दाखला देते. दिसलं तर तुकडा जाळावा लागेल.

भली मुलगी आहे. चहा घेतला नाही.

२५ जुलै

शुक्रवार. नमाजानंतर सभा, अक्रोडाखाली. मी उभी राहून सांगितलं – चाळीस घरं, झरा, दाखला. आवाज कापला नाही.

सल्लामचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण नंतर कुणी वेगळं सांगेल. तो म्हणाला:

"तहान? माझ्या झाडांना? मागच्या महिन्यात हीच बाई इथेच उभी राहून म्हणाली, सल्लामची झाडं गावाचं पाणी पितात. आज म्हणते तहानलेली आहेत. एक काय ते ठरव, ताई."

लोक हसले. मी म्हणाले, खालच्या बांधावरची वाळली आहेत. सगळ्यांनी पाहिली आहेत. तो म्हणाला, सहा आहेत ती, नळी तुटली होती. मी म्हणाले, सहा पुरतात.

हसू थांबलं.

सी अल्लाल गावात सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी सल्लामला विचारलं, तुझ्याशिवाय कुणी बाहेरचं बी लावलंय का? सल्लामने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाला, नाही.

का पाहिलं? बहिणीने आपली बाजू घ्यावी म्हणून. दुसरं काय.

सी अल्लाल म्हणाले, मग सल्लामचं शेत उपटायचं. त्यांनी हात पसरले, सगळ्यांनी पसरले, फातिहा म्हटली. फातिहा झाली की ठरलं. त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही, मुलांनीसुद्धा नाही.

२६ जुलै

उपटलं. गावातल्या सगळ्या बायका आल्या. नर उपटतात तसंच, ओळ धरून. पण कुणी हसलं नाही. डोक्याएवढी झाडं, मूळ सोडत नव्हती. तिघी-तिघींनी ओढली. हातांना चीक. काळा, निघत नाही. राख, तेल, माती, सगळं लावून पाहिलं. अजून बोटं एकमेकांना चिकटतात.

पहिली ओळ सल्लामने स्वतः उपटली. खोकत होता. म्हणाला, "मुळासकट घ्या. अर्धवट नको."

आमच्या तुकड्यातले शेंडे मी छाटले, दिवसभर.

संध्याकाळी तामू हात घासत होती. म्हणाली, एकेक झाड बघितलं, लल्ला. सहासुद्धा बघितली. पिवळं काही दिसलं नाही. मी म्हटलं, तुला काय बघायचं ते माहीत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा हात घासायला लागली. चाळीस वर्षं नर उपटणाऱ्या बाईला मी हे बोलले. पण खरंच होतं ते. बाहेरची कीड ओळखायची सवय इथे कुणाला आहे?

२८ जुलै

सल्लाम सकाळच्या बसने गेला. परत प्लास्टिकखाली. भेटायला आला नाही. किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेला, बोअरच्या खोलीची. खोकला एवढा, आणि तिथली हवा! पण कुणी जा म्हटलं नव्हतं. मोटर बंद आहे. रात्री झऱ्याचा आवाज येतो.

बरं झालं.

बरं झालं असं लिहिलं आहे. खोडत नाही.

३० जुलै

फुटव्यांवर हिरवं बी. कालपर्यंत नव्हतं. मी मोजलं – एका झाडावर चौदा, एकावर नऊ.

सल्लामचं शेत चार दिवस उघडं पडलं आहे. त्यावर कावळे आहेत. मग हे कुठून?

उद्या इंजिनीयर.

तामू बांधावर बसून होती, काहीच न करता. तिला असं बसलेलं मी पाहिलेलं नाही. मग उठली, चिमूटभर कोंडा घेतला, डोक्यावर धरून सोडला. वारा शर्की, पूर्वेचा. कोंडा तुकड्यावरून ओढ्याकडे गेला. ती उलटी वळली आणि वाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिकडे माझं घर.

३१ जुलै

पहाटे तामूने अंगणाची किल्ली मागितली. नको म्हणायला कारण सुचलं नाही. ती चौथ्या ओळीत वाकली, एक वाळकं झाड धरलं, बोटाने फूल उलगडलं आणि माझा तळहात ओढून त्यावर टिचकी मारली. पिवळी पूड. सगळी ओळ तशी होती.

"पाणी का नाही दिलंस गं," ती म्हणाली. एवढंच.

खालच्या वळणावर इंजिनीयरची गाडी दिसत होती. मी तामूला विचारलं – आणि हेच पहिलं विचारलं – आणखी कुणाला माहीत आहे का?